चर्चच्या भिंतीवरची निळी फ्रेम

नव्या फादरांनी छपराचा विषय काढला तेव्हाच नीवेसने कान टवकारायला हवे होते. पण रविवारची प्रार्थना संपत आली की गावातल्या बायकांचं लक्ष घरी चुलीवर ठेवलेल्या सूपकडे असतं, आणि छपराबद्दल तर आधीचे तीन फादरही रडून गेले होते. त्यामुळे "वेदीवर पाणी गळतंय, काहीतरी विकावं लागेल" हे वाक्य तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून कधी बाहेर पडलं ते तिला कळलंही नाही. विकणार काय, ते दुसऱ्या दिवशी बेकरीत कळलं. भिंतीवरची निळी फ्रेम.

कालव्याच्या काठचं ते लहानसं चर्च सायकलवाल्यांचं. या मुलखात टेकडी औषधालाही सापडत नाही, त्यामुळे पोरं चालायला शिकली की लगेच सायकलवर बसतात. कोणी अपघातातून वाचला की मारिया माउलीला आपली जर्सी वाहतो. कोणी वाचला नाही, तर घरचे त्याची सायकल आणून भिंतीवर टांगतात. नीवेसचा मोठा भाऊ लोरिस एकोणसत्तर साली गावच्या सिमेंटच्या ट्रॅकवर गेला. शेवटच्या फेरीत पुढच्याच्या चाकाला त्याचं चाक लागलं आणि तो कठड्यावर आपटला. फ्रेमला पोचासुद्धा आला नाही, भाऊच मोडला. वडिलांनी ती फ्रेम इथे आणून टांगली. नुसती फ्रेम. चाकं गावच्या सायकल क्लबने परत नेली, कारण चाकं महाग होती. दुःख आपल्या जागी आणि चाकं आपल्या जागी.

लोरिसचं थडगं आता नाही. कबरस्तानातल्या जागेची मुदत संपली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, मुदत वाढवायची राहून गेली, आणि त्याची हाडं इतरांच्या हाडांबरोबर सामायिक खड्ड्यात गेली. फोटो होते दोन-तीन, त्यात तो हेल्मेट घालून मान खाली घालून बसलेला. म्हणजे भाऊ म्हणून नीवेसकडे उरलं होतं ते त्या भिंतीवर, खिडकीच्या वर, पोटमाळ्याच्या उंचीवर. दर शनिवारी ती जायची, मेणबत्ती लावायची आणि मान वर करून बोलायची. नवरा आगिदे गेल्या हिवाळ्यात गेला तेव्हाही सगळ्यात आधी तिने फ्रेमलाच सांगितलं. मूलबाळ झालं नव्हतं. सांगायला दुसरं होतं कोण?

बेकरीतून ती पाव न घेताच निघाली आणि तडक फादर एजिदिओंच्या दारात उभी राहिली.

"ती माझ्या भावाची आहे. विकायला तुम्ही कोण?"

फादर एजिदिओ बेर्गामोच्या डोंगरातले, अंगाने रुंद आणि बोलायला सरळ. त्यांनी तिला खुर्ची दिली. बेल्जियमच्या एका माणसाने चर्चचा फोटो कुठेतरी पाहिला होता. पोलादी नळ्यांची, जुन्या हाताची, खास ट्रॅकची फ्रेम. आता तसल्या कोणी करत नाही आणि असले शौकीन त्यासाठी म्हणाल ती किंमत मोजतात. त्या पैशात अर्धं छप्पर झालं असतं.

"घराण्याची वस्तू असेल तर ती घराण्याला परत द्यायची, असा बिशपांचा नियमच आहे," फादर म्हणाले. "तुम्ही ती घरी न्या, नाहीतर इथेच राहू द्या, मी हातही लावणार नाही. पण भिंत रंगवताना नावांच्या पट्ट्या काढल्या त्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. आणि खरं सांगू का बाई? किंमत कानावर गेल्यापासून या गावात आणखी दोघींचे मेलेले भाऊ निघालेत."

"कोणाचे?"

"ते नाही सांगणार. पण मला नुसत्या तोंडी शब्दावर चालता येणार नाही. एखादा जाणकार आणा. फ्रेम कोणत्या सालची, कोणाच्या हातची, एवढं त्याने सांगितलं की माझ्याकडून विषय संपला."

नीवेसला ते पटलं. इतकं पटलं की तिला फादरांचा रागसुद्धा येईना. आज हे आलेत, उद्या आपण मेल्यावर दुसरे कोणी येतील आणि पुन्हा हाच प्रश्न निघेल. त्यापेक्षा एकदाच काय तो निकाल लागू दे.

संध्याकाळी एर्मेस आला. एर्मेस म्हणजे क्लबचा जुना चिटणीस, आगिदेचा लंगोटीयार, वय ऐंशीच्या पुढे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी त्याची ख्याती. गावात कोणाचं लग्न मोडलं तर नवऱ्यामुलाच्या आधी एर्मेसला कळायचं. तो टोपी हातात चुरगाळत स्वयंपाकघरात बसला.

"क्रेमोनाच्या त्या वास्कोला बोलावलंस म्हणे?"

"उद्या येतोय."

"कशाला गं? मी आहे ना. मी येतो फादरांकडे, पवित्र ग्रंथावर हात ठेवतो, लोरिसचीच आहे म्हणून सांगतो. आणखी चार जण आणतो. काम फत्ते."

"फादरांना शपथ नकोय. त्यांना जाणकार हवाय."

"फादर म्हणजे काल डोंगरातून उतरलेलं पोरगं! त्याला काय कळतंय?" एर्मेस पुढे वाकला. "नीवेस, ऐक माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पन्नास वर्षांची वस्तू आहे, ती खाली उतरवायची, खरवडायची, उलटीपालटी करायची... कशाला?"

"मूठ झाकून ठेवायला मी काय चोरी केलीये?"

तो कॉफी अर्धी टाकून उठला. एर्मेसने फुकटची कॉफी अर्धी टाकावी ही खरं तर बातमी होती, पण नीवेस उद्याच्या विचारात होती.

वास्को सकाळी आला तो एखाद्या गायकासारखा. गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात काळा चिरूट, हातात चामडी पेटी. त्याने चाळीस वर्षं फ्रेमा बनवल्या होत्या आणि ते तो कोणालाही विसरू देत नसे. चर्चच्या सेवकाने शिडी लावली, फ्रेम उतरवली, आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर ठेवली. नीवेसने इतक्या वर्षांत ती इतक्या जवळून पाहिलीच नव्हती. दरवर्षी सणाच्या आधी आगिदे शिडी लावून ती पुसायचा. नीवेसला स्वतः चढायचं असायचं, पण तो चढू द्यायचा नाही. "तू खाली थांब, शिडी धर," म्हणायचा. तिने आता हात लावला. पोलाद थंडगार होतं. तिने हळूच नळीवरून बोटं फिरवली.

"वा!" वास्को म्हणाला. "बघा सिन्योरा. मागचं चाक अडकवायची खाच बघा, मागे उघडते. रस्त्याच्या सायकलीची पुढे उघडते. पुढच्या चिमट्याला ब्रेकचं भोक नाही. गिअरची तार न्यायला कुठे कडी नाही. ही जन्माला आली ती ट्रॅकसाठीच, हिने डांबर पाहिलेलं नाही."

"माझ्या भावानेही नाही," नीवेस म्हणाली. "त्याला रस्ता आवडायचाच नाही. म्हणायचा, रस्त्यावर लोक बघत नाहीत."

वास्को हसला. नळ्या जिथे जुळतात त्या सांध्यांवर त्याने बोट ठेवलं. तिथे पोलादातच एक बारीक पान कापलेलं होतं. "हा हात म्हाताऱ्या ओरेस्तेचा. शंभर टक्के. एवढं पातळ पान दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. मला जमायचं, पण मी ते करत नव्हतो."

"ओरेस्तेचीच! वडील ओरेस्तेकडूनच घ्यायचे." नीवेसने दारात उभ्या फादरांकडे पाहिलं. बघा, म्हणाली नाही, पण तोंडावर लिहिलेलं होतं.

मग वास्कोने टेप काढली. सीटच्या नळीची उंची मोजली. परत मोजली.

"भाऊ केवढा होता?"

"चांगला उंच. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यायचा."

"हं."

"हं काय?"

"काही नाही. पूर्वी पोरं लहान फ्रेमवरही बसायची." त्याने फ्रेम उलटी केली. पेडलचा आस ज्यात फिरतो ती जाड पोलादी डबी वर आली. वास्कोने फडक्यावर पेट्रोल घेऊन तिच्यावरचा मेणबत्तीचा धूर आणि जुनी धूळ पुसली, पेटीतून बॅटरी काढली आणि डबीच्या आत-बाहेर प्रकाश टाकत राहिला. नंतर चिरूट तोंडातून काढून खिडकीत ठेवला.

"तुमचा भाऊ कधी गेला म्हणालात?"

"एकोणसत्तरच्या सप्टेंबरात."

वास्कोने फादरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गाणं बंद झालं होतं. "सिन्योरा, ही डबी ओतीव आहे. कडा बघा किती धारदार आहेत, सांधा कुठेही नाही. मेणाच्या साच्यातून ओततात अशी. एकोणसत्तरला आम्ही सगळे पत्रा वाकवून केलेल्या डब्या वापरायचो, त्यांना आतून जोड दिसायचा. ही असली ओतीव आमच्याकडे आली अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला. पहिलं खोकं मी आणि ओरेस्तेने अर्धं-अर्धं वाटून घेतलं होतं."

"मग नंतर डबी बदलली असेल."

"डबी बदलायची म्हणजे चारही नळ्या उकलायच्या. त्यापेक्षा नवी फ्रेम स्वस्त पडते."

"वडिलांनी बदलली असेल!"

"बाई," वास्को हळू आवाजात म्हणाला, "भिंतीवर टांगलेल्या फ्रेमची डबी कोण बदलतो?"

त्याने खिशातून नाणं काढून नळ्यांवर वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण. खालच्या नळीवर, डबीच्या जवळ, आवाज बद्द आला. त्याने नखाने निळा रंग खरवडला. आतून भेगा बुजवायची लांबी निघाली, लांबीखाली केसासारखी तडा गेलेली रेघ, नळीला जवळजवळ अर्धा वळसा घालून. आणि निळ्याच्या कडेला, लांबी लावायच्या आधीचा रंग होता. नारिंगी.

वास्कोला त्या नारिंगीचं काही वाटलं नाही. नीवेस मात्र त्या रंगाच्या टिकलीवर वाकली. लोरिसच्या काळात क्लबचा रंग आकाशी होता. पंचाहत्तर साली एका सॉसेजवाल्याने क्लबला पैसे दिले आणि त्याच्या हट्टाखातर सायकली, जर्सी, झेंडे सगळं नारिंगी झालं. त्या जर्सींना नंबर शिवत तिने कित्येक संध्याकाळी घालवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ही क्लबचीच फ्रेम होती, आगिदे क्लबचा मेकॅनिक होता तेव्हाची, आणि लोरिस तेव्हा मरून नऊ-दहा वर्षं झाली होती.

"काही लिहून देऊ का?" वास्कोने विचारलं.

"काय लिहिणार?" ती म्हणाली आणि कोट घेऊन निघाली.

क्लबच्या बारमध्ये दुपारचा पत्त्यांचा डाव रंगला होता. बाहेर धुकं इतकं की दिवसाही दिवे लावलेले. नीवेस दारातून आत आली आणि तिने कोणाला नमस्कारही केला नाही.

"एर्मेस, भिंतीवर कोणाची फ्रेम आहे?"

ती एर्मेसला विचारत होती, पण पत्ते सगळ्यांनीच खाली ठेवले. चारही टेबलांवरचे. मालकाने कॉफीचं यंत्र बंद केलं. त्या क्षणी तिला अर्धं कळलं. एकाला ठाऊक असतं तर एकानेच मान खाली घातली असती.

"बस," एर्मेस म्हणाला.

"उभ्याने ऐकते."

एर्मेसने टोपी काढली. "एकोणऐंशीचा ऑगस्ट. तुला आठवतो का तित्सियानो, आता टायरचं दुकान आहे तो? तेव्हा देशभराच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. आपल्या क्लबमधून लोरिसनंतर तोच. आणि माउलीच्या सणाच्या दोन दिवस आधी सरावात त्याची फ्रेम तडकली. सणाच्या आठवड्यात, नीवेस! ओरेस्तेच्या दाराला कुलूप, तो बायकोपोरांना घेऊन समुद्रावर. क्रेमोना बंद. मिलान बंद. सगळा देश समुद्रात डुंबत होता. फोन केला तरी कोणी उचलायचं नाही. स्पर्धा पुढच्या आठवड्यात. आणि सगळ्या जिल्ह्यात ट्रॅकची एकच रिकामी फ्रेम होती."

"भिंतीवर," नीवेस म्हणाली.

"आगिदे म्हणाला, लोरिसला चाललं असतं. तो म्हणाला असता, न्या आणि जिंका. आम्हालाही ते खरंच वाटलं गं. तडकलेली फ्रेम निळी रंगवून वर टांगायची, स्पर्धा झाली की सप्टेंबरात अदलाबदल. कोणाला पत्ताही लागला नसता. पोरगा जिंकला असता तर आम्ही तुला वाजतगाजत सांगणार होतो. लोरिसची फ्रेम जिंकली म्हणून."

"आणि?"

"चौथा आला."

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "अर्ध्या चाकाने," आणि गप्प बसलं.

"येताना रस्त्यात जेवायला थांबलो," एर्मेसचा आवाज बारीक झाला. "सायकल गाडीच्या टपावर बांधलेली. जेवण झालं, आगिदे म्हणाला निघू. मी म्हणालो, कॉफी घेऊन निघू. मीच म्हणालो. बाहेर आलो तर टप रिकामा. दोरी तेवढी लोंबत होती."

"शोधली नाही?"

"शोधली ना. दोन दिवस आगिदे त्या रस्त्याने फिरत होता, तुला सांगितलं क्लबचं काम आहे म्हणून. पोलिसांत गेलो नाही. गेलो असतो तर चर्चमधून फ्रेम काढली कोणी, हे आधी सांगावं लागलं असतं. तो रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडला, नीवेस. म्हणाला, हिला कसं सांगू? आम्ही म्हणालो, द्राक्षं उतरू देत, मग सांग. मग म्हणालो, नाताळ होऊ दे. मग तुझी आई आजारी पडली. मग... एकदा दहा वर्षं गेली की कुठून सुरुवात करणार?"

नीवेसला त्या ऑगस्टमधला रंगाचा वास आठवला. आगिदेने गॅरेजमध्ये दार लावून काम केलं होतं, आणि तिने विचारलं तर म्हणाला, फाटक रंगवतोय. आणि खरंच रंगवलं होतं, आकाशी, लोरिसच्या रंगाचं. तेव्हा तिने त्याच्या गळ्यात हात टाकले होते. उरलेला रंग कुठेतरी संपवायचा होता, एवढंच ते होतं. आणि ते दरवर्षीचं शिडीवर चढणं, ते "तू खाली थांब." ती पडू नये म्हणून नव्हतंच ते.

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?"

अळीमिळी गुपचिळी, चाळीसहून जास्त वर्षं, आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता त्याच्यासकट. स्पर्धा पाहायला गेली की तिला पुढची खुर्ची मिळायची. तित्सियानो दर नोव्हेंबरात तिच्या गाडीला हिवाळी टायर लावून द्यायचा आणि निम्मेच पैसे घ्यायचा. नाताळात क्लबकडून टोपली यायची, तिच्यात सगळ्यात मोठं सॉसेज. तिला वाटायचं, लोरिसला गाव विसरलं नाही. आणि त्यांच्या मनात लोरिस नव्हताच. त्यांच्या मनात तो रिकामा टप होता.

"म्हणजे मी इतकी वर्षं तित्सियानोच्या फ्रेमखाली मेणबत्त्या लावल्या," ती म्हणाली. "जिवंत माणसाच्या आत्म्याला शांती मागितली."

"लागू पडल्यात," बारचा मालक पुटपुटला. "तब्येत बघ त्याची."

एक-दोघं हसले, भीतीने हसतात तसे. नीवेसलाही हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी फाटलं. एर्मेस तिला धरायला उठला. तिने त्याचा हात झटकला.

"आगिदेने मरताना तरी सांगायचं."

"मला म्हणाला होता, तू सांग. मी हो म्हणालो होतो."

घरी जाऊन ती आगिदेच्या फोटोसमोर उभी राहिली. भांडायला गेली होती. पण मेलेल्या माणसाशी भांडायचं तर एका बाजूने किती भांडणार? तिला राग आला होता तो चोरी झाली म्हणूनही नव्हता. चोर काय, कुठेही चोरी करतात. ती शनिवारी घरी आली की आगिदे विचारायचा, "काय म्हणाला लोरिस?" आणि ती सांगायची, आणि तो टेबलाशी बसून ऐकायचा. ते ऐकताना त्याने काय केलं असेल मनात, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. भाऊ गेला होताच, आता नवराही गेला. या वेळी खरा.

दोन दिवसांनी फादर एजिदिओ स्वतः तिच्या घरी आले. त्यांनी काहीतरी गोड आणलं होतं आणि ते कुठे ठेवावं त्यांना सुचत नव्हतं.

"मी विकत नाही ती," ते म्हणाले. "पुन्हा वर टांगतो. बाहेरच्या कोणाला कळायची गरज नाही. तुमच्या प्रार्थना काय फ्रेमला नव्हत्या पोचत, बाई. त्या जिथे जायच्या तिथे गेल्या."

"त्या कुठे गेल्या ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही," नीवेस म्हणाली. "विका. छप्पर करा. मला ती भिंतीवर दिसायला नको."

"तो बेल्जियमचा माणूस शुक्रवारी येतोय. मी त्याला फोनवर आधी सांगून बसलो होतो, मेलेल्या पोराची आहे म्हणून. तुम्ही जे मला सांगितलं तेच. आता खरं सांगायला हवं. मी सांगू?"

"मी सांगते. माझ्या तोंडून गेलंय, माझ्या तोंडूनच परत येऊ दे."

आणि ती खरंच सांगायला गेली होती. शुक्रवारी सकाळी तिने केस विंचरले, चांगला कोट घातला, वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं: ही माझ्या भावाची नाही, एकोणऐंशीची आहे, नळी तडकलेली आहे, घ्यायची तर घ्या.

योस्त नावाचा तो माणूस साठीचा, किडकिडीत, मोठ्या कानांचा. इटालियन हळूहळू बोलायचा, पुस्तकातल्यासारखं. फ्रेम त्याच टेबलावर ठेवली होती. तो तिच्याभोवती एक फेरी फिरला, सांध्यावरच्या पानावर त्याने अंगठा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मग फ्रेम उलटी केली, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि डबीच्या आत पाहिलं. वास्कोने पाहिलं होतं तसंच. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला. मग बॅटरी बंद करून त्याने फ्रेम अलगद सरळ ठेवली आणि नीवेसकडे वळून टोपी काढली.

"तुमचा भाऊ कसा होता?" त्याने विचारलं.

नीवेसने तोंड उघडलं ते वाक्य बोलायला. पण हा प्रश्न तिला कोणी विचारून किती वर्षं झाली होती? गावात लोरिसचं नाव निघालं की लोक विषय बदलायचे. तिला वाटायचं, तिला दुःख होऊ नये म्हणून. आता कळत होतं का बदलायचे.

"उंच होता," ती म्हणाली. "शर्यतीच्या आधी त्याला उचकी लागायची. आई साखर भरवायची. जिंकला की तो हात वर करायचा नाही, लाजायचा, नुसता कान खाजवायचा. शिट्टी वाईट वाजवायचा. मला पुढे नळीवर बसवून कच्च्या वाटेने कालव्यापर्यंत न्यायचा, ब्रेक नव्हते त्याच्या सायकलीला, पायाने थांबवायचा, आणि मी घाबरले की म्हणायचा, थांबतेच गं शेवटी. सगळं थांबतं."

फादरांनी मान खाली घातली होती. योस्त ऐकत होता, डोकं किंचित कलतं करून. त्याने खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन्सिल काढली. "मी प्रत्येक फ्रेमखाली नाव लिहितो. माझ्या घरी, भिंतीवर. कोणाची होती ते."

तिला ती भिंत दिसली. कुठल्या तरी परक्या गावात, परक्या भाषेत, एका पुठ्ठ्यावर भावाचं नाव. जगात दुसरीकडे कुठेच ते नव्हतं. थडग्यावर नव्हतं, चर्चच्या पट्टीवर नव्हतं. चोराने नेलेल्या त्या खऱ्या फ्रेमवर तर कुठून असणार?

"लोरिस," ती म्हणाली. "लोरिस बोदिनी. ही त्याचीच."

बोलून झाल्यावर ती थांबली. तिला आतून वाटत होतं, आता हा फ्रेम उलटी करेल, त्या धारदार कडेवर बोट ठेवेल आणि म्हणेल, बाई, खोटं बोलता. आणि लाज वाटण्याऐवजी ती वाट पाहत होती. म्हणू दे. निदान एका माणसाने तरी तिच्या तोंडावर म्हणू दे.

योस्तने पुठ्ठ्यावर नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर.

"हो," तो अगदी मायेने म्हणाला. "दिसतंच आहे."

त्याने ठरलेले सगळे पैसे फादरांच्या हातात ठेवले, तडकलेल्या नळीबद्दल एक शब्दही न काढता. फ्रेम ब्लँकेटमध्ये गुंडाळली. जाताना त्याने नीवेसचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ती त्याला 'सावकाश जा' म्हणाली, कारण बाहेर धुकं होतं आणि माणूस भला होता. गाडी कालव्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी फादर काही बोलले नाहीत, आणि तीही बोलली नाही.